पोत्यामागं दोन किलो

घेवड्याच्या खुरपनीला बसलं की मान वर करायची न्हाई, ह्यो माझा नेम. मान वर केली की फुडं किती वावर राह्यलंय त्ये दिसतं आन् हातपाय गळतात. पन त्या दिशी असानकुल मास्तर सायकल बांधावर आडवी टाकून सरळ सरीतनं चालत आला, माझी कवळी रोपं तुडवत. मग मान वर करावीच लागली.

"मास्तर, पायाखाली बगा जरा," म्या म्हनलं. "शाळंत काय तुडवायचं त्ये तुडवा. हितं आमचं वर्साचं पोट हाय."

"निकाल लागला, बुबुसारा अक्का."

माझं खुरपं तिथंच राह्यलं. निकाल म्हंजी माझ्या भाचीचा, कुंदुजचा. धाकट्या भावाची लेक ती. भाऊ आन् भावजय मॉस्कोला, त्यो इमारतीच्या कामावर, ती झाडलोटीला, आन् पोर माझ्यापाशी. आमच्या गावची शाळा चौथीपातूर. फुडं नदीपल्याड जायचं, तर तिथं गनिताला मास्तरच न्हाई, खेळाचा मास्तर गनीत शिकवतो आन् पोरास्नी मैदानावर पळवून बेरजा इचारतो. तालुक्याला मातुर वसतिगृहाची मोठी शाळा हाय. गावागनिक एक पोर त्ये फुकट घेत्यात. चौथीच्या समद्यांनी त्याची परीक्षा दिल्याली. कुंदुजचा नंबर लागला तर लागला, न्हाईतर जलमभर माझ्यासंगं घेवडा निवडत बसायची. माझी बोटं आता सरळ हुत न्हाईत. तिची तशी हू नयेत, येवढंच माझं मागनं हुतं.

"किती पडलं?"

"धापैकी नऊ."

"मग झालं की."

मास्तर आभाळाकडं बगाय लागला. आभाळात काय बी नव्हतं. "धापैकी धा एकालाच हाईत. अर्गेनला."

अर्गेन म्हंजी इरिसबेक व्यापाऱ्याचा पोरगा. आमच्या गावचा समदा घेवडा इरिसबेक घेतो आन् भायेरदेशी धाडतो. पोरगं तसं गरीब हाय, पन पाढं त्याला कुंदुज पढवायची, ह्ये वर्गातल्या भिताडास्नी बी ठावं हुतं.

"हिचं कुठलं चुकलं?"

मास्तरानं धडा म्हनल्यावानी सांगितलं, "एका शेतकऱ्याने आठ पोती घेवडा विकला. एका पोत्यात पन्नास किलो. किलोचा भाव साठ सोम. तर त्याला किती पैसे मिळाले? उत्तर चोवीस हजार. हिनं लिव्हलं तेवीस हजार चाळीस."

मला हिशेबातलं वीतभर कळत न्हाई. पन तेवीस हजार चाळीस ह्यो आकडा काय पोर हवंतनं आननार न्हाई, येवढं कळलं. म्या हाळी दिली. कुंदुज वरल्या पाटावर पानी वळवत हुती, तशीच आली. गुडघ्यापातूर चिखल, तालास नदीचं पानी जूनात बी बर्फाचं, पाय लालबुंद झाल्यालं.

"व्हय गं, आठ पोत्यांचं किती हुत्यात?"

"कुठलं? परीक्षेतलं?" ती म्हनली. "सरळ हाय की. आठ पोती. पोत्यामागं दोन किलो कडता. म्हंजी अठ्ठेचाळीस आटे तीनशे चौऱ्याऐंशी. त्याला साठानं गुनलं."

मास्तरानं कपाळाला हात लावला. "कडता गनितात लिव्हला हुता का?"

"कडता कुठं लिव्हत्यात, मास्तर? त्यो धरायचाच असतो."

मला वाटलं बरोबर तर हाय. कडता कोन लिव्हतंय? माझ्या सासऱ्यानं तंबाखू इकली तवा कडता गेला, म्या घेवडा इकते तवा बी जातो. काटा पन्नास दावतो, इरिसबेक अठ्ठेचाळीस म्हनतो, आपुन व्हय म्हनतो. भाकरी उलटी ठिऊ नये तशी ती एक रीत.

"बाकीच्या पोरांनी काय लिव्हलंय?"

मास्तर हळूच म्हनला, "समद्यांनी तेवीस हजार चाळीस. अकराच्या अकरा. तालुक्यास्नं मला ताकीद आली की तुमच्या वर्गात नक्कल झाली. वीस वर्सं नोकरी केली अक्का, असला डाग लागला न्हवता."

"आन् अर्गेननं?"

"त्यानं तेवढं चोवीस."

का, त्ये म्या इचारलं न्हाई. इचारायचं काय त्यात? बाराव्या घरात पोतं पन्नासचं भरतं. त्या पोरानं घरी कवा अठ्ठेचाळीस ऐकलंच न्हाई, मग त्ये लिव्हंल कसं? त्यानं खरंच लिव्हलं. ज्यांची दोन किलो कापली त्यांची पोरं चुकली आन् ज्यानं कापली त्याचं पोर पयलं आलं. मला अशी शिसारी आली की त्या वावरात बसवंना. खुरपं फेकलं आन् घराकडं निगाले. निम्मी सरी तशीच राह्यली.

दुसऱ्या दिशी म्या वडापनं तालुक्याला गेले. शाळंची मोठी बाई, राकिया तिचं नाव, गोरीपान, बोलायला गोड. टेबलावर चॉकलेटची बशी. मला बसायला खुर्ची दिली, च्या दिला. मनात आलं, बाई माणूस बरं दिसतंय.

"तुमची मुलगी हुशार आहे," ती म्हनली, "पण तिने प्रश्न नीट वाचला नाही. प्रश्नात कडता दिलाय का?"

"प्रश्नात न्हाई, पन काट्यावर असतो की बाई."

"आम्ही काट्यावरचं विचारलं नव्हतं. प्रश्नात दिलं असेल तेवढंच धरायचं. त्यालाच गणित म्हणतात."

"पोरीनं खरं हाय त्ये लिव्हलं. खोटं न्हाई लिव्हलं."

"एकाच गावच्या अकरा मुलांची एकच चूक. आम्हाला वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलं."

"बगून न्हाई लिव्हलं बाई. आमच्या गावात घेवडा घेनारा काटाच एक हाय."

त्यावर ती जरा हसली. आजाऱ्याला बगून हसत्यात तसं. माझ्या डोस्क्यात तिडीक गेली, पन पोरीकडं बगून गिळली. च्या बी गिळला.

"हे बघा," ती म्हनली, "एका मुलीचे आईवडील राजधानीला चाललेत. ती जागा रिकामी होईल असं दिसतंय. ऑगस्टच्या शेवटी तुमच्या मुलीला घेऊन या. मी स्वतः तोंडी विचारीन. तोवर तिच्याकडून उदाहरणं सोडवून घ्या. फक्त तिला एक शिकवा, की दिलंय तेवढंच."

तवापास्नं आमच्या घरात त्ये पुस्तक आलं. मास्तरानंच दिलं. त्याला बी आपला डाग धुवायचा हुता. मला अक्षर वाचाय येतं, उत्तरं मागं छापल्याली. म्हंजी मास्तरीनबाई व्हायला मला काय अडचन नव्हती. सकाळी धार काढताना, दुपारी वावरात, संध्याकाळी आंगनात घेवडा निवडताना, माझं आपलं चालूच.

"एक पेन्सिल बारा सोमला. पाच पेन्सिली घेतल्या. शंभराची नोट दिली. किती परत मिळतील?"

"पस्तीस सोम आन् एक चिंगम," कुंदुज म्हनली.

"मागं चाळीस छापलंय."

"चाळीस कवा मिळत्यात? शायिर काकीकडं सुट्टं असतंय का कवा?"

शायिर म्हंजी आमची शेजारीन, गावातलं एकुलतं दुकान तिचंच. ती तवा कुडापल्याड गाईला चारा टाकत हुती. तिनं तिथनंच तोंड घातलं.

"चिंगम काय फुकट येतंय व्हय गं भवाने? पाच सोमला मिळतंय. हिशेब चोख असतो माझा."

"पन मला चिंगम नको असलं तर?"

"मग काडीपेटी घे. आत्याला इचार, आजवर माझ्या दुकानातनं कोन रिकाम्या हातानं गेलंय का."

"गेलं न्हाई बाई," म्या म्हनलं, "माझ्या फळीवर तुझ्या काडीपेट्यांची चळत हाय. उद्या गावाला आग लावायची झाली तर माझ्याकडंच यावं लागंल."

शायिर फनफनत आत गेली. म्या पोरीला म्हनलं, "आयक. पुस्तकातल्या दुकानदाराकडं सुट्टं असतंय. कायम असतंय. चाळीस म्हन."

"चाळीस," ती म्हनली. तोंड वाईट करून.

मग सफरचंदं. एका पेटीत वीस किलो, किलो पस्तीस सोम. पोर इचारती, "खालचा थर काढून बगितला का?" पुस्तकात खालचा थर सडका नसतो. मग दूध. बारा लिटर घातलं, लिटरला तीस. "फॅट किती लागली म्हनं?" पुस्तकात फॅट लागत न्हाई. दूधवाला आपल्या गाईचं दूध कवा धड म्हनला न्हाई, पन पुस्तकातल्या गाईला नावं ठेवत न्हाई म्हंजी न्हाई.

एका उदाहरनाला मातुर माझंच डोस्कं फिरलं. "एका मेंढीचे अठरा किलो मांस सहा जणांना समान वाटले. प्रत्येकाला किती?"

"त्यात म्हातारं कोन हाय?" कुंदुजनं इचारलं.

"लिव्हलं न्हाई."

"पावना कोन? जावई हाय का त्यात?"

"त्ये बी न्हाई लिव्हलं."

"मग वाटायचं कसं, आत्या? मांडीचं हाड कुनाम्होरं ठेवायचं? मुंडी कुनाला द्यायची? समान वाटलं तर म्हातारं उठून जाईल की."

म्या पुस्तक मिटलं. दुकानदार चोरी करत न्हाई, व्यापारी कापत न्हाई, हितपातूर म्या सोसलं. पन मेंढी कापून सा जनास्नी तीन तीन किलो ढेकळं वाटायची? असल्या घरात कोन जेवाय जाईल? पुस्तक लिव्हनाराच्या घरी कवा पावना आला नसंल. सडक्या दातानं जर्दाळू चावल्यावानी तोंड झालं माझं. पन फुडल्या घटकंला मीच म्हनलं, "तीन म्हन. तीन किलो. म्हाताऱ्याला इसर."

"तीन," पोर म्हनली.

जुलैत तिला जोडे, रजई आन् थंडीचा कोट घ्यायचा हुता. मागल्या सुगीची सात पोती म्या भाव चढंल म्हनून ठिवल्याली. इरिसबेकला निरोप दिला. दुसऱ्या कुनाला देनार? व्यापाऱ्यांनी गावं वाटून घेतल्याली, पुलाअलीकडं ह्याच्याबिगर कोन येत न्हाई. ह्याला दुखावलं तर शरदातला समदा माल उंदरास्नी घालायचा.

आला त्यो. संगं अर्गेन, काटा आन् दोन हमाल. आंगनात काटा मांडला. उन्हाचा नुसता जाळ हुता, पापलरच्या झाडाचं पान हालत नव्हतं. म्या गार आयरान, म्हंजी ताक, दिलं, त्यानं पिऊन वाडगा पालथा केला आन् म्हनला, "बुबुसारा अक्का, तुमच्या हातचं आयरान गावात कुटं न्हाई."

"पोतं चढवा," म्या म्हनलं.

पयलं पोतं चढलं. काटा पन्नासावर जाऊन थांबला. इरिसबेक म्हनला, "अठ्ठेचाळीस."

"पन्नास," कुंदुज म्हनली.

ती उंबऱ्यावर बसल्याली. मोठ्यानं बोलली न्हाई, उदाहरनाचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. इरिसबेकनं तिच्याकडं बगितलं आन् हसला. "पोतं धर, माती धर, ओल धर. दोन किलो जातंय, पोरी."

"रिकामं पोतं काट्यावर टाकून बगूया का मग? आन् माती कुटं हाय? म्या आन् आत्यानं दाना दाना निवडलाय."

हमाल थांबलं. कुडावरनं शायिर डोकावली. अर्गेन काट्याकडं बगत हुता, मग जमिनीकडं बगाय लागला. इरिसबेकचं हसू जरा आटलं.

"गनीत येगळं आन् येव्हार येगळा," त्यो म्हनला. "माझ्या अर्गेनला बग. परीक्षेत पन्नास लिव्हतो आन् हितं गप बसतो. त्याला अक्कल म्हनत्यात."

"रीत हाय गं ती बाय," शायिर कुडावरनं म्हनली. "तुझ्या आज्यानं बी दिलाय कडता. आमच्या घरी बी त्ये यायचं हाईत अजून, उगा भांडान काढू नको."

आन् म्या काय केलं? म्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "गप बस. पन्नास परीक्षेत म्हनायचं. हितं न्हाई."

तिच्या डोळ्यात पानी आलं न्हाई. ती म्हनली, "मग कुटं काय म्हनायचं त्ये येकदाच सांग, आत्या."

इरिसबेकनं सातीच्या सात पोती अठ्ठेचाळीसनं लावली, पैसं मोजून दिलं, पोरीच्या हातावर वर एक चिंगम ठिवलं. ट्रक गेला, धुरळा बसला, तरी माझ्या तोंडाची कडू चव जाईना. त्याची किळस आलीच, पन त्याची तर जुनीच हुती. त्या दिशी माझी मला आली. जे महिनाभर तोंडी घोटून घेतलं, त्येच तोंडातनं निगालं म्हनून म्या लेकराला मारलं.

त्यानंतर कुंदुजनं वाद घालायचं सोडलं. काय बी इचारा, छापल्यालं उत्तर यायचं. सफरचंदं गोड, दूध दाट, मेंढीचं तुकडं समान. मास्तर खूश झाला. म्हनला, "पोर तयार झाली." मला वाटलं, पोर गप झाली.

ऑगस्टअखेरीस आमी गेलो. जागा रिकामी झाल्याली. राकियाबाईनं पोरीला म्होरं बसवलं, मी दाराशी. बाईनं रिबिनी इचारल्या, खुर्च्या इचारल्या, बागेतली झाडं इचारली. कुंदुज टकाटका सांगत गेली. शेवटाला बाई माझ्याकडं बगून हसली आन् म्हनली, "एका व्यापाऱ्याने सहा पोती घेवडा घेतला. एका पोत्यात पन्नास किलो. एकूण किती?"

मी जीव मुठीत धरला.

"तीनशे," पोर म्हनली. पापनी सुदिक हालली न्हाई.

"काही वजा करायचं?"

"न्हाई. प्रश्नात दिलं न्हाई."

"शाबास." बाई उठून उभी राह्यली. "मिळाली जागा. बघा, थोडं शिस्तीत शिकवलं की मुलांना कळतं." मग मला म्हनली, "वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी प्रत्येक मुलामागे एक पोतं घेवडा किंवा बटाटा द्यावा लागतो. तेवढं घेऊन या शाळा सुरू होताना. पन्नास किलो."

आनंद झाला का म्हनाल तर झाला. मी वडापमधी रडले. पन पोर खिडकीतनं भायेर बगत हुती आन् तिच्या तोंडावर काय नव्हतं, ना हसू ना रडू. मी म्हनलं, "तुला जायाचंय न्हवं?" तर म्हनली, "जायाचंय की." येवढंच.

शाळा उघडायच्या दिशी घरी खायला ठिवल्यालं पोतं, रजई आन् पोरीला घिऊन मी पोचले. पाऊस पडून गेल्याला, आवारात चिखल, डोंगरावर नवं बर्फ उतरल्यालं. कोठीच्या दारात रांग हुती. कोठीवाला मुकाश, मानंला घडी पडल्याला गडी, कानावर पेन्सिल, त्यो एकेकाचं पोतं काट्यावर घेत हुता आन् वहीत मांडत हुता.

आमचं पोतं चढलं. गावात शायिरच्या दुकानच्या काट्यावर मी दोनदा जोखून आनल्यालं. काटा पन्नासावर थांबला. मुकाशनं कानावरची पेन्सिल काढली आन् लिव्हलं. कुंदुज त्याच्या कोपरापाशी हुबी. तिनं वाकून बगितलं.

"अठ्ठेचाळीस का लिव्हलं?" तिनं इचारलं.

"कडता," मुकाश म्हनला. "चल, फुडचं आना."

मी पोरीचा हात धरला. खरं सांगते, माझ्या तोंडात आलं हुतं की गप बस, जागा जाईल. आलं हुतं अगदी व्हटापातूर. पन जुलैतला धपाटा आठवला आन् मी हात सोडला. जागा गेली तर गेली. दुसऱ्यांदा माझ्यानं त्ये हुनार नव्हतं.

"काका," पोर म्हनली, "काटा पन्नास दावतोय."

"घट येती, पोरी. उंदीर खात्यात, ओल सुकती. रीत हाय कोठीची."

"उंदीर अजून आत बी गेलं न्हाईत."

रांगेतली मानसं हसली. तेवढ्यात राकियाबाई व्हरांड्यातनं आली, नवी शाल पांघरल्याली. "काय झालं?"

"पोर वजनावरनं वाद घालतीया," मुकाश म्हनला.

"अगं, दोन किलो कडता सगळेच देतात," बाई म्हनली. "तशी पद्धत आहे इथली."

कुंदुजनं तिच्याकडं बगितलं. उद्धटपनं न्हाई. वर्गात बगावं तसं. "प्रश्नात दिलाय का, बाई?"

रांगेत कुनी तरी खाकरलं. बाईनं शाल सारखी केली, एकदा मुकाशकडं बगितलं, पोतं बगितलं. पन्नास लिव्ह, येवढं तिच्यानं म्हनवलं न्हाई. कितीक पोत्यांचं त्ये दोन दोन किलो कुटं जायाचं, आन् कुनाकुनाच्या घरी शिजायचं, द्येव जाने.

मुकाश मातुर खवळला. "लिव्हलं त्ये लिव्हलं. वहीत खाडाखोड करायची न्हाई. अठ्ठेचाळीस म्हंजी अठ्ठेचाळीस."

"बरं," कुंदुज म्हनली. "अठ्ठेचाळीसच ऱ्हाऊ द्या."

आन् ती वाकली आन् पोत्याची सुतळी सोडाय लागली. गाठ मी मारल्याली, सुटंना, तर दातानं सोडली. वंजळीनं घेवडा काढला आन् मला म्हनली, "आत्या, वटा धर." मी झग्याच्या घोळाचा वटा धरला. पोर वंजळ काढती, काट्याकडं बगती, परत काढती. मुकाश म्हनतोय, "अगं ए, काय चालवलंय," पन अख्ख्या रांगेम्होरं लेकराचा हात कसा धरनार? काटा हळूहळू उतरला आन् अठ्ठेचाळीसावर आला, तशी तिनं पोत्याचं तोंड बांधलं. वर दोन दानं बोटाला चिकटल्यालं, त्ये बी माझ्या वट्यात झटकलं.

"आता बरोबर हाय," ती मुकाशला म्हनली. "तुमचं लिव्हल्यालं आन् काट्यावरचं."

राकियाबाई आत गेली. मागची बाई आपल्या नवऱ्याला म्हनली, "ए, आपल्या पोत्याची सुतळी सैल बांधलीया न्हवं?" मी पोरीला जवळ घेतलं. तिच्या तोंडावर, जुलैपास्नं पयल्यांदा, माझी जुनी पोर दिसली. मग ती रजई डोक्यावर घिऊन चिखलातनं वसतिगृहाकडं गेली. वळून बगितलं न्हाई, त्ये बी बरंच केलं.

वडाप भरून गेल्याली. मी फाट्यावर वटा धरून थांबले, तर इरिसबेकची गाडी आली. अर्गेनला सोडून परत चाललेला. "बसा अक्का," म्हनला. बसायचं नव्हतं, पन अंधारून आल्यालं, वारं सुटल्यालं. बसले. त्याच्या गाडीला वास बी घेवड्याचाच.

थोडं अंतर गेल्यावर त्यो सुरू झाला. "काय चोर मानसं हाईत हो ह्या शाळंत. माझं पन्नासचं पोतं, कोठीवाल्यानं दोन किलो कापलं. डोळ्याम्होरं. म्हनं रीत हाय. लाज न्हाई, शरम न्हाई. लेकरांच्या तोंडचा घास, अक्का, लेकरांच्या तोंडचा. असल्यांच्या हाताला कीड पडंल."

मी खिडकीतनं भायेर बगत बसले. ह्याच्याशी काय बोलायचं? तोंडात थुकी जमत हुती आन् काच उघडत नव्हती.

पुलापाशी आलो तवा त्याची नदर माझ्या मांडीवर गेली. "वट्यात काय घिऊन चाललाय येवढं?"

"कडता," मी म्हनलं.